११ महिन्यांचं बाळ पुस्तक वाचत नाही, खातं. सल्ला हवा

नाचणीसत्व:
नमस्कार मंडळी. लेक ११ महिन्यांचा. आम्ही दोघंही वाचणारे, त्यामुळे बारशाला आलेल्या पाकिटांतले पैसे थेट पुस्तकांत घातले. आजची परिस्थिती अशी की सहापैकी दोन पुस्तकांचे कोपरे पोटात गेलेत आणि एकाचं मुखपृष्ठ पलंगाखाली सापडलं. मांडीवर घेऊन वाचायला बसले की तिसऱ्या पानाला हा खाली उतरून रांगत चालू पडतो. मी भिंतीला गोष्ट ऐकवत बसते.

एक, हे वय फार लवकर आहे का? दोन, मराठीत जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं कुठे मिळतात? दुकानात सगळी इंग्रजीच दिसतात. तीन, सासूबाईंना पुस्तक जमिनीवर, पायाखाली, तोंडात बघवत नाही. "विद्येला पाय लागतो" म्हणतात. पाय लागला की माझाही हात कपाळाला जातोच, त्यामुळे वाद घालायला तोंड नाही.

खारूताई:
खाऊ दे गं. माझ्या मुलीने हत्तीची सोंड खाल्ली होती. पुढे वर्षभर त्या पानावर आलो की आम्ही "सोंड कुठे गेली?" विचारायचो आणि ती स्वतःच्या पोटावर थोपटायची.

ताकभात:
आमच्या सोसायटीत दर शनिवारी छोटंसं बालवाचनालय चालवते, त्या अनुभवावर लिहितेय.

लवकर अजिबात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ सालीच सांगितलं की वाचून दाखवणं जन्मापासून सुरू करा. तान्ह्या बाळाला २०-३० सेंमीवरचंच जरा बरं दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. तिथे ठसठशीत काळं-पांढरं चित्र धरलं की ते टक लावून बघतं. पुढे सगळं तोंडात घालण्याचे महिने, कारण वस्तू कशी आहे हे हात आणि जीभच सांगते. मग बोट दाखवणं सुरू होतं, तुझा लेक आता तिथेच असेल. इथून खरी मजा. छापलेला मजकूर बाजूला ठेव. त्याने बोट ठेवलं की नाव सांग आणि थांब. तो जे काही "ब्बा" म्हणेल त्याला उत्तर दे. पुस्तक उलटं धरलं, मागून पुढे आलं, चार पानं एकदम उलटली, सगळं चालतं.

तिसऱ्या पानाला उतरला तर पुस्तक मिटायचं. धरून बसवू नकोस, नाहीतर पुस्तक म्हणजे नाकात थेंब घालण्यातला प्रकार होतो. आणि एकच पुस्तक चाळीस वेळा मागितलं तर चाळीस वेळा. आपल्याला वीट येतो, त्याला पुढच्या पानावर कोण आहे ते माहीत असल्याचा आनंद असतो.

पुठ्ठ्याची पुस्तकं मराठीत कमीच, हे जुनं दुखणं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं जरूर बघ. चेन्नईच्या तूलिकाची मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तकं आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची खिशाला परवडतात. यातली बरीचशी साध्या कागदाची, तेव्हा सध्या ती तुझ्या हातात राहू देत. प्रथम बुक्सची 'स्टोरीवीव्हर' ही साइट २०१५ पासून आहे, तिथल्या मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात. पहिल्या पातळीच्या घे, पानाला एखाददुसरं वाक्य असतं. मी रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करते. कोपरे मात्र कात्रीने गोल कर, लॅमिनेशनचा कोपरा चांगलाच टोचतो. स्पायरल नको, तारेचं टोक कधी ना कधी बाहेर येतं. दोन भोकं पाडून जाड सुती दोऱ्याने घट्ट बांध, टोकं लोंबत ठेवू नकोस.

या वयाला सगळ्यात चालणारं पुस्तक तर घरीच होतं. आजी, माऊ, कुकर, झाडू, बाबांची चप्पल यांचे फोटो काढून असंच बांध. माझ्या भाच्याने चपलेच्या पानाचा पापा घेऊन घेऊन रंग उडवला होता.

रात्रपाळी:
आम्ही दोघं नोकरीवाले, घरी यायला आठ. फोनवर बालगीतं लावून देतो. तीही भाषाच ना?

ताकभात:
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच असं आहे. ते बाजूला ठेवलं तरी, तुमच्या बाळाने बोट दाखवलं म्हणून फोनमधलं गाणं थांबतं का? तुम्ही थांबता. आठला आलात तरी झोपवताना दहा मिनिटं मिळतात. पुस्तक नसेल तर 'इथे इथे बस रे मोरा' म्हणा, तळहाताचं पान आहेच.

गणिती_बाबा:
आम्ही वर्षापासून फ्लॅशकार्डं दाखवतो. ५० प्राणी ओळखतो.

खारूताई:
कौतुक आहे. पण त्या ५० जणांपैकी कुणी पळालं, पडलं, कुणाला भूक लागली, असं काही झालं का?

सांगलीचे_आजोबा:
माझी नात बर्मिंगहॅमला, पावणेदोन वर्षांची. तिकडे 'बुकस्टार्ट' नावाची योजना आहे, १९९२ साली त्यांच्याच गावात सुरू झाली. बाळ वर्षाचं व्हायच्या आत पुस्तकांची पिशवी फुकट मिळते. वाचनालयाचं कार्ड तर लेकीने बाळ अडीच महिन्यांचं असताना काढलं. इथे आमच्या वाचनालयात चौकशी केली, तर "आजोबा, आधी तिला वाचता तर येऊ दे" म्हणाले.

आता मराठीचं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक तिकडे, एक माझ्याकडे. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघे आपापलं उघडतो. पान ती उलटते, मी मागून धावतो. "आबा, चिऊ!" म्हणाली की मी चिऊच्या पानावर हजर पाहिजे. परवा चष्मा सापडेना, तर तोंडपाठ म्हटलं. तिने लगेच पकडलं, कारण मी पान उलटलंच नव्हतं.

नाचणीसत्व, तुमच्या सासूबाईंचं मला पटतं. आमच्याकडेही पुस्तकं काचेच्या कपाटात, दसऱ्याला पूजा, किल्ली वडिलांकडे. त्या कपाटातलं मी पहिलं पुस्तक वाचलं ते अकराव्या वर्षी. चुकीचा हिशेब तो.

नाचणीसत्व:
आजोबा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जमिनीवर एक टोपली आली, चावायच्या पुस्तकांची. वाचायची वर फळीवर. टोपलीतल्याला पाय लागला की त्या त्याचा हात धरून नमस्कार करवतात. आता तो मुद्दाम पाय लावतो आणि हात पुढे करतो.

खारूताई:
हाहा, मुरलेला भाविक.

नाचणीसत्व: (तीन आठवड्यांनी)
अपडेट. फोटोंचं पुस्तक केलं, कुकरच्या पानाला शिट्टी वाजवायचा प्रयत्न करतो, थुंकी उडते. वाचून दाखवायचं काम माझ्याकडून गेलंय. दुपारी सासूबाई फळीवरचं एक काढतात, चित्रातला कावळा धरून पुस्तकाशी काही संबंध नसलेली काऊच्या शेणाच्या घराची गोष्ट सांगतात आणि हा "बाळाला तीट लावते" होईपर्यंत बसतो. माझ्याजवळ अजूनही तीनच पानं.

एक नवी अडचण. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावली, तर हा टेप सोलून तोंडात घालतो. दुसरं काय लावू?

सांगलीचे_आजोबा:
जुन्या धोतराची पातळ पट्टी आणि मैद्याची खळ. खळ चांगली शिजवून घ्या, चाटली तरी बिघडत नाही. रात्रभर वजनाखाली ठेवा.