मदत हवी आहे: दोन पिल्लं, एक पिकअप आणि हौदाभर पुळण

नमस्कार मंडळी, हा प्रश्न प्रवासाचा की पालकत्वाचा की गाडीचा ते मलाच कळेना, त्यामुळे इथेच टाकतेय.

आमची डबल केबिनची पिकअप आहे. मागच्या हौद्यावर पत्र्याचं टप बसवून घेतलंय, आत प्लायवूडचा पलंग आणि त्याखाली सामानाचे खण. मार्च ते मे हीच गाडी आंब्याच्या पेट्या वाहते, दिवाळीनंतर मात्र ते आमचं फिरतं घर. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी पावणेदोन. नाताळात रत्नागिरीहून उत्तरेकडे जायचंय, गणपतीपुळे, मग जयगडला जंगलमधे (म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) गाडी चढवून पलीकडे तवसाळ, हेदवी, गुहागर, पुढे धोपावे-दाभोळ फेरी, दापोलीकडे एकदोन मुक्काम, वेसवी-बागमांडले करून हरिहरेश्वर आणि शेवटी दिवेआगर. आठ-नऊ दिवस. रस्ता, मुक्काम सगळं ठरलंय, प्रश्न फक्त घाणीचा आहे.

गेल्या वर्षी खाली वेंगुर्ल्यापर्यंत गेलो होतो तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच हरलो. पाय धुऊनच गाडीत घ्यायचं हा नियम कुणकेश्वरपर्यंत टिकला. पण होतं असं की धुतलेले ओले पाय पुळणीवर ठेवले की परत तेच, आणि धाकटीला धुऊन वर ठेवेपर्यंत थोरला तसाच आत शिरून उशीवर उभा. रात्री चादर झटकावी तर अंधारात सगळी वाळू आपल्याच केसांत. मालवणात खाजं घेतलं, ते दोघांनी चोखून चोखून सीटच्या फटीत ठेवून दिलं (का? देव जाणे) आणि सकाळी मुंग्यांची ही रांग. सोलकढीचा गुलाबी डाग गोधडीवर अजून आहे. वर पार्किंग कायम सुरूच्या झाडांच्या सावलीत, त्यामुळे त्या सुरूच्या काड्या अगदी डायपरमधेसुद्धा.

हे सगळं चालवून घेतलं असतं पण खरी भानगड दुधाची. धाकटीचा दुधाचा पेला गादीखाली सांडला, मला पत्ताच नाही, कळलं तेव्हा वरून गरम पाण्याने पुसलं आणि विसरले. मार्चमधे पहिल्या पेट्या चढवताना टप उघडलं तर आंबट वास! सासरे काही बोलले नाहीत, फक्त पेंढा हातात घेऊन हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. तो पेंढा बदलून भाड्याच्या टेम्पोने माल पाठवला. आता त्यांची अट आहे, गाडी खुशाल न्या पण फेब्रुवारीअखेर हौद्याला कसलाही वास नको.

तर सांगा, वाळू आत येणं कमी कसं करायचं, जवळ २० लिटरचे दोनच कॅन असतात त्यात भागवायचं कसं, वापरलेल्या डायपरांचं काय करता, आणि प्लायमधला दुधाचा वास जातो का? कारण खरं सांगायचं तर अजून थोडा येतोय.

पुळणीतला कुर्ला:
ताई, पाय धुताय तिथेच चुकताय. ओली वाळू चिकटते, सुकलेली आपोआप गळते. मुलांना किनाऱ्यावरून आल्यावर दहा मिनिटं उन्हात चटईवर बसवा, हातात काहीतरी कोरडं खायला द्या, मग बेबी पावडर टाकून मऊ फडक्याने झटका, पावडर ओल शोषते आणि वाळू सटासट खाली पडते. पाणी सगळ्यात शेवटी आणि फक्त मीठ काढायला, दोघांना मिळून अर्धी बालदी पुरते. धुतलेलं मूल जमिनीवर ठेवायचंच नाही, थेट हौद्याच्या फळीवर बसवायचं, पाय बाहेर लोंबते ठेवून, तिथेच पुसायचं. खेळणी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत ठेवा, पिशवीसकट बुचकळली की वाळू खाली जाते. आणि दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, तेव्हा मागचं दार समुद्राकडे करून गाडी लावू नका, आम्ही गुहागरला असंच व्ह्यू पाहिजे म्हणून लावली होती, भातात वाळू खाल्ली.

गाडी पुळणीत उतरवू नका हे सांगायला नकोच. ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि भरती ट्रॅक्टरसाठी थांबत नाही.

निवांत_बसलोय:
मुलं आहेत, घाण होणारच. एन्जॉय करा.

धागाकर्ती:
@निवांत_बसलोय दादा, गाडी धुवायला येता का मग?

मासळीवाला ड्रायव्हर:
मी बारा वर्षं मासळीची गाडी मारतोय, वासाचं मला विचारा. वहिनी, गरम पाण्याने दूध घट्ट धरून बसतं, नेहमी आधी गार पाणी, मग साबण. पण तुमचा वास वरचा नाहीच, तो प्लायच्या कडांमधे आहे. वरचा भाग गुळगुळीत असतो पण कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं उघडी असतात, तिथून प्लाय पाणी पितो. तो पलंग आख्खा बाहेर काढा, कडा घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून चार-पाच दिवस कडक उन्हात उभा करा, पूर्ण सुकला की ऑइल पेंटचे दोन कोट, कडांना तीन. वर जाड मेणकापड घाला आणि ते बाजूंना चार बोटं वर दुमडून घ्या म्हणजे ताटलीसारखं होईल, सांडलेलं त्यातच राहील. ओल असताना पेंट मारलात तर वास आत कोंडून ठेवलात असं समजा.

दुसरं, घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. फेरीबोटीवर तुषार उडतात, मिठाचा थर हवेतली ओल ओढतो आणि पत्रा खातो. लोक वरून चकाचक करतात, खाली बघतच नाहीत.

दोन_लेकींची_आई:
डायपरसाठी घट्ट झाकणाचा डबा, तळाला जुना पेपर आणि मूठभर सोडा, प्रत्येक डायपर पेपरात गुंडाळून. डबा हौद्यात नाही, बाहेर मागे बांधायचा. किनाऱ्यावरच्या उघड्या पिंपात टाकू नका, कुत्री रात्रीत सगळं पसरतात. मुक्कामाच्या ठिकाणी विचारायचं कचरागाडी येते का, तिथेच द्यायचं. आणि दर तिसऱ्या रात्री कोणाच्या तरी घरगुती खोलीत राहा गं. न्हाणीघरात मुलं धुऊन निघतात, कपडे निघतात, तुझं डोकं पण निघतं. खाजं मात्र बंद. गाडीत फक्त चुरमुरे, ते पण मोठ्याला; चणे-फुटाणे नकोत, एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. ड्रायव्हरदादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पलंग काढला तर खालची कड काळी पडलेली आणि तिथेच वास. सहा दिवस अंगणात उभा होता, सासरे येता-जाता हुंगून बघायचे, काल म्हणाले "हं". म्हणजे पास. आज पहिला कोट दिला.

आता अर्जंट प्रश्न. चिरंजीवांनी ओल्या पेंटवर दोन्ही पंजे उमटवलेत. हातावरचा ऑइल पेंट कशाने काढू? घरात टर्पेंटाइन आहे.

मासळीवाला ड्रायव्हर:
टर्पेंटाइन नको! खोबरेल तेल भरपूर चोळा, फडक्याने पुसा, परत चोळा, मग साबण. आणि दुसऱ्या कोटाच्या वेळी पोरांना आजीकडे पाठवा.