जांभळट राखाडी: दोन शेडमधून तुम्ही कशी निवडलीत?

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. दिवाळीआधी हॉलला रंग द्यायचाय. शेडकार्ड चाळून चाळून दोनच उरल्या, दोन्ही जांभळट राखाडी, एकीत जांभळा कणभर जास्त. काळ्या द्राक्षावर बोट फिरवण्याआधी पांढरट थर असतो ना, तसं काहीतरी हवंय. नवऱ्याला दोन्ही एकच दिसतात. कोणी असा रंग लावला असेल तर अनुभव लिहा.

इंदिरानगरहून: दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली बघून ठरवला आणि फसलो. आमचा हॉल पश्चिमेचा. दुपारपर्यंत छान राखाडी, चारला ऊन आत आलं की गुलाबी, रात्री पिवळ्या दिव्यात मातकट. लासलगावचे मामा आले होते. भिंतीकडे बघून म्हणाले, "लाल कांद्याच्या सालीचा रंग मुद्दाम मागून घेतला का रे?"

सिडकोहून: जुन्या भिंतीवर डाग मारून बघू नका. आमची भिंत पिवळी होती, तिच्यावर कुठलाही राखाडी जांभळाच दिसायचा. पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या. ओला रंग फिका दिसतो, वाळला की गडद होतो. मग ते कार्ड सगळ्या भिंतींवर फिरवा, कोपऱ्यातसुद्धा.

पंचवटीहून: आधी दिवे ठरवा! 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली जांभळा मरतो, 6500 च्या पांढऱ्याखाली निळसर होतो.

नाशिक रोडहून: मी रंगाचंच काम करतो. दोन्ही शेडचा एलआरव्ही बघा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा. 0 म्हणजे ठार काळा, 100 म्हणजे शुभ्र. खोलीत उजेड कमी असेल तर मोठ्या आकड्याची घ्या. लागेल तेवढा रंग एकदमच टिंट करून, म्हणजे शेड मिसळून आणा. नंतर आणलेल्या डब्यात फरक येतो आणि अशा धूसर रंगात तो लगेच कळतो. खिडकीसमोरच्या भिंतीला चकचकीत फिनिश नको, लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक खड्डा दिसतो. हे सांगूनही गिऱ्हाईक ऐकत नाही, ते सोडा.

धागाकर्ती: कार्डशीटं तीन दिवस सोफ्यामागे टेकवून ठेवली. जास्त जांभळी दिवसा सुंदर, पण संध्याकाळी सातनंतर, म्हणजे आम्ही सगळे घरी असतो तेव्हाच, उदास वाटते. राखाडीकडची घेतली. तिच्याशेजारी जुने मोरपंखी पडदे मात्र भडक दिसायला लागलेत.