ऑफ-पिस्ट स्कीइंगचे मार्गदर्शक पुस्तक कोणते घ्यावे?

सप्रेम नमस्कार.

गेली चार वर्षे आम्ही दोघे आखलेल्या पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारांवर, स्की करत आहोत. मागच्या हिवाळ्यात एका प्रमाणित गाइडबरोबर स्वित्झर्लंडमधील आंडरमाटच्या गेम्सश्टॉक शिखरावरून (2961 मीटर) मागच्या बाजूने, पिस्टबाहेर म्हणजे ऑफ-पिस्ट, गुस्पिसच्या खोऱ्यात उतरलो. दुकानात संपूर्ण आल्प्समधील निवडक उतारांचे एक देखणे पुस्तक पाहिले. ते घ्यावे की एकाच भागाचे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

*

नमस्कार.

देखणे पुस्तक दिवाणखान्यासाठी अवश्य घ्यावे. सॅकमध्ये मात्र एकाच भागाचे असावे. माझी पारखण्याची रीत अशी, की जो उतार आपण उतरून आलो आहोत, त्याचेच पान आधी उघडावे. गुस्पिसच्या पानावर उताराची दिशा, सर्वांत तीव्र टप्प्याचा कोन आणि आपण आंडरमाटला नव्हे, तर होस्पेन्टाल गावाच्या बाजूला बाहेर पडतो ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे का, ते पाहावे. समोरच्या डोंगरावरून काढलेल्या छायाचित्रातील लाल रेघेवर फार विसंबू नये, कारण माथ्यावर उभे राहिल्यावर ती रेघ कुठेच नसते. पुढ्यात बर्फाची कड आणि तिच्यापलीकडे थेट दरी दिसते. मग आपण आदल्या दिवशीचे माग धरतो, आणि सह्याद्रीतल्या ढोरवाटांनी ज्याला चकवले आहे त्याला पुढचे सांगायला नको.

आवृत्तीचे साल जरूर पाहावे. फ्रान्समधील शामोनीच्या व्हाले ब्लांश या ऑफ-पिस्ट उतारावर 3842 मीटरवरील एग्युई द्यु मिदी शिखरापासून सुमारे 20 किलोमीटर खाली आल्यावर मेर द ग्लास ही हिमनदी सोडून वर यावे लागते. पण ती इतकी खचत गेली की वर काठावरच्या माँतांवेरला जाण्यासाठी पायऱ्यांमागून पायऱ्या जोडाव्या लागल्या आणि अखेर नवी गोंडोला (दोरावरून जाणारा पाळणा) बांधावी लागली. जुन्या पुस्तकातला शेवटचा परिच्छेद तिथे उपयोगाचा नाही.

श्रेणींचीही गल्लत होते. स्विस आल्पाइन क्लब काठिण्य अक्षरांत देतो. फ्रेंच पुस्तकांत बहुधा 1 ते 5 आकडे असतात आणि पडल्यास किती महागात पडेल हे E1 ते E4 असे वेगळे दिलेले असते. मला ही दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

सोबत स्विसटोपो या स्विस सरकारी नकाशा-संस्थेचा 1:50,000 स्की-नकाशा घ्यावा. त्यावर 30 अंशांहून तीव्र उतार रंगवलेले असतात. त्या दिवशीचा बर्फ कसा आहे हे मात्र दावोसच्या हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेचे हिमस्खलन-बुलेटिनच सांगेल. हिवाळ्यात ते संध्याकाळी 5 वाजता येते.

*

आपल्या रीतीने पाहिले. देखण्या पुस्तकात गुस्पिसला अर्धे पान होते, लाल रेघ होती, पण होस्पेन्टालचे नावही नव्हते. ते परत फळीवर ठेवून त्या भागाचे पुस्तक घेतले. ते जर्मनमध्ये असल्यामुळे ‘रिन्ने’ म्हणजे घळ, ‘वेख्टे’ म्हणजे वाऱ्याने कड्याबाहेर आलेली बर्फाची झालर, असे शब्द सध्या वहीत उतरवून घेत आहे.