शब्दचर्चा: ‘अप्रकट उष्मा’ म्हणजे नेमकं काय? अन् उष्मा, उष्णता, ताप एकच का?

कापूसवाला (यवतमाळ जिल्हा)
मंडळी एक शब्द अडला. भाची दहावीत आहे, तिले गणित होतं की उणे 10 अंशावरचा 1 किलो बर्फ घेऊन त्याचं 30 अंशाचं पाणी करायचं तं किती उष्णता लागन. पोरीनं 40 अंशाचा फरक धरला, गुणाकार केला, 40 किलोकॅलरी लिहून मोकळी. उत्तर आहे 115. मधात ‘वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा’ असं भलं मोठं काहीतरी लिहून आहे, ते काही तिच्या डोक्यात शिरून नाही राहिलं. आपल्याकडे उष्णता झाली म्हणजे नाकातून रक्त आलं अन् ताप म्हणजे अंगातला ताप नाहीतर डोक्याले ताप, मग हा उष्मा कोणता अन् अप्रकट काहून?

जुना मास्तर
आधी गणित संपवू, शब्द त्यातच सापडतात. ह्यात एक नाही तीन कामं आहेत. बर्फ उणे 10 वरून 0 पर्यंत आणायचा, बर्फाचा विशिष्ट उष्मा, म्हणजे एक किलो 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता, साधारण अर्धी किलोकॅलरी आहे म्हणून 5 किलोकॅलरी. मग 0 वरच्या बर्फाचं 0 वरचंच पाणी करायचं, त्याला किलोमागे 80. मग पाणी 0 वरून 30 वर, पाण्याचा विशिष्ट उष्मा 1, म्हणून 30. झाले 115. ज्यूलमध्ये पाहिजे असेल तर कॅलरीला 4.18 ने गुणा, 480 किलोज्यूलच्या आसपास येतं. आता मधल्या 80 कडे बघा, एवढी उष्णता खाऊन थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही. दिसत नाही म्हणून अप्रकट, बस. उष्मा आणि उष्णता दोन्ही संस्कृतातल्या ‘उष्’ म्हणजे जाळणे ह्या धातूचे, फरक शोधत बसू नका. आणि किती तापलं ते तापमान, त्यासाठी किती उष्णता खर्ची पडली ते वेगळं माप, पोरांची गल्लत इथेच होते.

कापूसवाला
सर अन् ‘विशिष्ट’ काहून मग? आम्ही तं विशिष्ट माणूस, विशिष्ट दिवस असं म्हणतो.

जुना मास्तर
इथे विशिष्ट म्हणजे ‘एक ग्रॅममागे’ किंवा ‘एक किलोमागे’. बोलण्यातला अर्थ बाजूला ठेवायचा. आणि गंमत अशी की ‘विशिष्ट गुरुत्व’ ह्या जुन्या शब्दात तोही अर्थ नाही, तिथे पाण्याच्या घनतेशी तुलना आहे. पोरांनी गोंधळायचं नाही तर काय करायचं.

वर्धेकडची
मला अप्रकट हा शब्दच आवडत नाही, वाचून वाटतं काहीतरी दैवी प्रकार असेल. जुन्या लोकांच्या तोंडी सुप्त उष्णता असायचं, हिंदीवाले गुप्त म्हणतात. मुळातला लॅटेन्टसुद्धा लॅटिनमधल्या ‘लपून राहणे’ वरूनच आलाय, 1760 च्या सुमारास ग्लासगोला जोसेफ ब्लॅकनी हे मोजून दाखवलं, त्यांचं म्हणणं असं होतं की थोडीशी ऊब मिळाल्याबरोबर सगळा बर्फ वितळत असता तर थंडी सरली की एका झटक्यात पूर यायला पाहिजे होते, पण तसं होत नाही, बर्फ हळूहळूच जातो. मी असते तर ‘मुरलेली उष्णता’ ठेवलं असतं. आमच्याकडे साखर विरघळते, तूप पाघळतं, बर्फ वितळतो असा फरक शाळेतच, घरी आजी सगळ्याले ‘इरघयलं’ म्हणते, पण मुरणे मात्र तिलाही बरोबर कळते.

मंडपवाला
शब्दाचं तुमचं चालू द्या, मी हिशोब सांगतो. मे महिन्यातल्या लग्नात ड्रममध्ये 100 लिटर पाणी असते 35 अंशाचं. त्यात 20 किलो बर्फाची लादी फोडून टाकली, बर्फ समजा उणे 10 चा. पाण्याजवळ 0 च्या वर 3500 किलोकॅलरी आहे. बर्फ 0 वर यायले 100 घेईन, वितळायले 1600 घेईन, राहिले 1800, भागिले 120 किलो, म्हणजे पाणी 15 अंशाचं. आता त्या लादीच्या जागी 0 अंशाचं थंडगार पाणी 20 लिटर ओतून पाहा, 3500 भागिले 120, 29 च्या वरच राहते! वऱ्हाडी लोक नावं ठेवतीन. मधातली जी अप्रकट का काय तिचेच पैसे आपण बर्फवाल्याले देतो भाऊ. बाकी ड्रमचं प्लास्टिक अन् बाहेरचं 45 चं ऊन धरलं नाही यात, खरं पाणी जरा गरमच निघते.

कापूसवाला
हे भारी समजलं, भाचीले हेच दाखवतो. पण ताई, ‘मुरलेली’ वर मले शंका आहे. मुरलं म्हणजे गेलं ना? इथं तं पाणी गोठलं की 80 ची 80 वापस निघते.

वर्धेकडची
मुरलेलं पाणी विहिरीत येतेच ना दादा :) म्हणूनच तर म्हटलं.

मंडपवाला
आमच्या यवतमाळात मे महिन्यात येते का विचारा!

जुना मास्तर
हसलो. पण पेपरात मुरलेली लिहाल तर मार्क जातील, पुस्तकात अप्रकट आहे तर अप्रकटच लिहायचं. आणि पाघळणे हा शब्द मात्र कोणी हलका समजू नका. तूप एका ठराविक अंशाला वितळत नाही, त्यात वेगवेगळे मेद असतात, कोणी आधी सुटतं कोणी मागून, त्यामुळे ते मऊ पडत पडत पातळ होतं. कल्हईवाल्याचं कथील बघा, शुद्ध असेल तर बरोबर 232 अंशाला वितळणार, किलोमागे 14 किलोकॅलरी घेणार. कथील वितळतं, तूप पाघळतं, भाषेत हा फरक आधीपासून आहे.

कापूसवाला
म्हणजे तुपाचं गणित ह्या तीन टप्प्यांत बसत नाही?

जुना मास्तर
मधला टप्पा एका अंशावर उभा राहत नाही, पसरतो. उष्णता तूपही मुरवतं, फक्त तापमान वाढता वाढता. दहावीला ते विचारत नाहीत, तुम्ही बर्फाचं पक्कं करून घ्या, अन् पोरीला म्हणावं गणित सोडवायच्या आधी 0 मधात येतो का ते पाहायचं.