ट्रॅक डे ला जाताय ना? मग भोकाभोकांच्या डिस्क घेऊ नका

चौथा_गिअर (धागा माझाच):

गेल्या महिन्यात आम्ही पुण्याहून चार गाड्या कोइम्बतूरला करी स्पीडवे या रेसट्रॅकवर ट्रॅक डे ला, म्हणजे आपली रोजचीच गाडी ट्रॅकवर पळवायला, नेल्या होत्या. आल्यापासून व्हॉट्सअॅपवर एकच भांडण चालू आहे आणि तिथे आता कुणी कुणाचं वाचतच नाही, म्हणून इथे आणतोय. मुद्दा एवढाच, की हौशी माणसाने ब्रेकवर पहिला पैसा कुठे घालायचा. माझं मत स्पष्ट आहे. कंपनीच्याच मापाच्या साध्या व्हेंटिलेटेड (मधल्या पोकळीतून हवा खेळणाऱ्या) डिस्क, त्यावर बरे पॅड (डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे) आणि ताजं ब्रेक ऑइल, बास. ड्रिल्ड (भोकं पाडलेल्या) डिस्क म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, पुढे डिस्क, मागे ड्रम, सगळं कंपनीचं. दुसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला स्ट्रेट संपताना ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल ओल्या स्पंजसारखं आत गेलं, दुसऱ्यांदा पंप केलं तेव्हा कुठे धरलं, तोवर दोन चाकं कडेच्या मातीत. पॅडॉकमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करतात तिथे) येऊन बसलो तर वास असा, की केस आणि फटाके एकत्र जळल्यासारखा. शेजारी आमच्यातलाच एक जण, त्याने खास या ट्रिपसाठी ड्रिल्ड-स्लॉटेड (भोकं आणि खाचा असलेल्या) डिस्क टाकल्या होत्या, फोटोत काय दिसतात म्हणून सांगू, आणि त्याचंही पेडल आत! दोघांचंही ऑइल तीन वर्षं जुनं होतं. त्याच्या भोकांनी काय उपटलं मग?

लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गेलाय. पेडलच आत जातंय, तर ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुम्ही बुडबुडे दाबत बसलाय. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तोच आकडा १५५ वर येतो. आणि पाणी ते हवेतून आपोआप ओढतं, त्यासाठी गाडी पावसात भिजवावी लागत नाही.

कासारवाडी_एक्सप्रेस:

तो शेजारी मीच, नाव घेतलं नाहीस त्याबद्दल आभार 😄 पण अर्धंच सांगितलंस. माझं पेडल तुझ्यानंतर चार लॅपनी गेलं, ते का नाही लिहिलं? मॉडेल तेच, पॅड तेच, ऑइल तेवढंच जुनं, फरक फक्त डिस्कचा. म्हणजे भोकांनी काहीतरी केलंच ना. गरम हवा, गॅस बाहेर जायला वाट मिळते, पाण्यातही पहिल्या दाबाला पकड येते. पोर्शे वर्षानुवर्षं भोकाच्या डिस्क देते, ते काय येडे आहेत का?

चौथा_गिअर:

चार लॅप उशिरा गेलं कारण तू पहिले चार लॅप माझ्यामागे फोन डॅशबोर्डवर लावण्यात घालवलेस, विसरलास का.

आता सिरियसली. डिस्कचं पहिलं काम उष्णता पोटात घेणं. गाडी माणसासकट १,२०० किलो धर, १६० वरून ८० वर आणली तर जवळपास ९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. त्यातला पाऊण हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर. एक डिस्क ५ किलोची धरली तर एकाच ब्रेकिंगला तिचं तापमान सव्वाशे-दीडशे अंशांनी वर जातं. तेच ८० वरून पूर्ण थांबायला याच्या तिसराच हिस्सा लागतो, म्हणून सिंहगड रोडवर ब्रेक 'एकदम मस्त' वाटतात आणि ट्रॅकवर पंधरा मिनिटांत घाम फुटतो. आता एवढं तापणार आहे तर तू त्यातून लोखंड कोरून काढणार? वजन कमी केलं की तापायची घाई वाढली. पोर्शेचं म्हणशील तर त्यांची डिस्क केवढी, त्यांना हवा कुठून येते, ते पण बघ. आपल्या १५ इंची चाकात मावते तेवढीच आपली डिस्क.

श्टुटगार्टकर:

मूळचा सांगलीचा, सहा वर्षं इकडे जर्मनीत आहे, इथल्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकवर वर्षातून तीन-चारदा जातो. एक लॅप २०.८ किलोमीटरचा, त्यामुळे ब्रेकची हौस पुरेपूर फिटते. डिस्कबद्दल धागाकर्त्याशी सहमत, माझ्या जुन्या गाडीच्या ड्रिल्ड डिस्कला भोकापासून भोकापर्यंत केसासारख्या चिरा गेल्या होत्या, नख फिरवलं की अडकायचं. स्लॉट चालतात, ते पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, फक्त पॅड लवकर संपतो आणि घूंऽऽ असा आवाज येतो.

पण 'बरे पॅड' म्हणजे काय रे भाऊ? तिथेच तुझा धागा ढिला पडतो. बरे पॅड म्हणून लोक रस्त्याचेच, जरा महाग डब्यातले पॅड घेतात. ट्रॅकवर जायचं तर ट्रॅकचं कंपाउंड (पॅडचं मिश्रण) घ्या. फेरोडो कंपनीच्या डीएस२५०० ला पण मी अर्ध्या वाटेवरचा पॅड म्हणतो, हलक्या गाडीला ठीक. मी सरळ एन्ड्युरन्सचे (लांब पल्ल्याच्या रेसचे) पॅड लावतो. जिथे गाडी २०० ने जाते तिथे कंजूषपणा कशाला?

मिसळ_विथ_टर्बो:

श्टुटगार्टकर, तुमच्याकडे ट्रॅक घरापासून तीन-चार तासांवर. आम्हाला कोइम्बतूर बाराशे किलोमीटर आहे हो! कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, सेलम करत जायचं, तिथे दोन दिवस गाडी मारायची आणि त्याच गाडीने, त्याच पॅडवर परत यायचं. रेसचे पॅड थंड असताना धरत नाहीत. पहाटे पाच वाजता लॉजवरून निघालो, पहिल्याच स्पीडब्रेकरवर म्हैस उभी, आणि पॅड म्हणतोय थांब जरा मला तापू दे. शिवाय किंचाळतात किती. माझ्या एका मित्राने लावले होते, सोसायटीचा वॉचमन गेट उघडायचा आवाजावरून.

श्टुटगार्टकर:

म्हैस मान्य 😂 पण मग तिथे जाऊन पॅड बदला ना. पुढचे दोन्ही बाजूंचे पॅड बदलायला तासभर लागतो. डिकीत जॅक, स्पॅनर आणि दुसरा सेट ठेवायचा. इकडे रस्त्यावरच्या पॅडला ईसीई आर९० या नियमाची मान्यता लागते, रेसच्या पॅडला ती बहुतेक नसते, म्हणून आमच्यातले बरेच जण पार्किंगमध्येच बदलाबदली करतात.

मिरजेचा_मिस्त्री:

बदला पण एक लक्षात घ्या. वेगवेगळ्या कंपाउंडचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून लावले की डिस्कवर आधीच्या पॅडचा जो पातळ थर बसलेला असतो त्यावर दुसरा नीट बसत नाही. मग स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं डिस्क वाकली. माझ्याकडे दहा येतात त्यातल्या एक-दोनच खरंच वाकड्या असतात, बाकी सगळं पॅडचं डागाडागाने चिकटलेलं. तापलेल्या गाडीत पॅडॉकला येऊन ब्रेक दाबून बसलात, किंवा हँडब्रेक ओढलात, तरी हेच होतं, पॅडचा ठसा उठतो. गिअरमध्ये टाका, चाकाला वीट लावा.

नवीन पॅड बसवल्यावर ब्रेक-इन करायचं असतं (पॅड डिस्कवर नीट बसवून घ्यायचा) ते पण कुणी करत नाही. मोकळा रस्ता बघून ८०-९० वरून २०-३० पर्यंत आठ-दहा वेळा दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग पाचेक किलोमीटर ब्रेकला हात न लावता गाडी थंड करायची. म्हणजे पाय न लावता, हाहा.

आणि डिस्कवर किमान जाडी छापलेली असते ती वाचा. लेथवर घासून घासून ती कागद झालेली डिस्क घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. पॅड पण अर्धा झाला असेल तर नवीन टाकूनच निघा, पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि ऑइलला लागते.

जुनी_एस्टीम:

वाचून गंमत वाटते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकवर आम्ही मारुती एस्टीम घेऊन जायचो तेव्हा हे असले डबे मिळतच नव्हते. बाजारात जो लायनर मिळेल तो. तरी गाड्या थांबायच्या. तुमची मंडळी ब्रेक घासत घासत वळणापर्यंत जातात, ही खरी अडचण आहे. सरळ रेषेत एकदा जोरात दाबा आणि सोडा. निम्म्या वेळा तर नुसता पाय उचलला तरी चालतं तिथे दाबतात. पहिली दोन-तीन वर्षं कंपनीच्या पॅडवर शिका, मग पैसे उडवा. नाकापेक्षा मोती जड करू नका.

चौथा_गिअर:

काका, आदर आहे, पण वेग तेवढाच कमी करायचा तर ऊर्जा तेवढीच निघणार, जोरात दाबा नाहीतर घासत जा. जोरात दाबून सोडल्याने डिस्कला थंड व्हायला जास्त वेळ मिळतो, एवढं मान्य. पण करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, श्वास घ्यायला जागाच नाही, एक वळण संपलं की दुसरं. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटला मागचा स्ट्रेट किलोमीटरच्या वर आहे, तिथे निदान हवा खाऊन चौथ्या वळणाला पोचतो, अर्थात पोचतो तो वेगही तसाच असतो. 'शिका आणि मग पॅड घ्या' हे सांगताना शिकणाऱ्याचं पेडल आत गेलं तर काय, ते पण सांगा.

जुनी_एस्टीम:

पेडल आत गेलं ते तुझ्या आळसाने, पॅडने नव्हे, हे तूच वर लिहिलंयस. आणि एक विचारतो. सगळा धागा पुढच्या डिस्कवर चाललाय, मागचे ड्रम शेवटचे कधी उघडलेस?

मिसळ_विथ_टर्बो:

काकांनी बरोबर नस पकडली 🍿

आणि अजून एक, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी (गाडी घसरू नये म्हणूनच्या यंत्रणा) चालू ठेवून जाणारे पण आहेत, गाडी वळणात स्वतःच ब्रेक दाबत राहते, ती उष्णता कुणी मोजत नाही. अर्थात नवख्याने ते बंद करावं असं मी अजिबात म्हणत नाहीये, नाहीतर उद्या कुणी उलटा होईल आणि माझं नाव घेईल.

कासारवाडी_एक्सप्रेस:

मग माझ्या डिस्कचं काय करू ते सांगा. फेकू?

मिरजेचा_मिस्त्री:

फेकू नका, रस्त्याला छान आहेत. दर ट्रॅक डे नंतर भोकांच्या कडेला नख फिरवा. चीर भोकातून बाहेर डिस्कच्या कडेपर्यंत पोचली तर त्याच दिवशी काढा, 'घरापर्यंत जाईल' असं करू नका.

चौथा_गिअर:

चार दिवसांनी येतोय. काकांच्या प्रश्नाने झोप लागेना, म्हणून रविवारी मागचे ड्रम उघडले. उजवा कोरडा. डावीकडचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारा) रबराच्या टोपीखाली ओला, बोट लावलं तर ऑइल, आणि शूच्या खालच्या टोकाला काळा चिकट चिखल. टाकीतली पातळी किंचित खाली गेली होती ते मला दिसलं होतं, पण पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो आणि पातळी उतरतेच, म्हणून मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं.

म्हणजे माझं पेडल नुसतं उकळून गेलं की या गळतीनेही हात दिला, हे आता छातीठोक सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंचे सिलेंडर आणि शू मागवलेत, ऑइल पूर्ण बदलणार, पुढे डीएस२५०० टाकणार. श्टुटगार्टकरांना अर्धी वाट तर अर्धी वाट, मला म्हशीसमोर थांबायचं आहे.

शनिवारी सकाळी माझ्या पार्किंगमध्ये ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं) आहे. नळी आणि बाटली आहे, पेडल दाबायला एक माणूस हवा. कासारवाडी, तू ये, तुझं पण तीन वर्षांचं काढून टाकू. डिस्कबद्दल बोलणार नाही.

कासारवाडी_एक्सप्रेस:

येतो. बोलशील.