भारी कॅमेरा घेतला की फोटो सुधारतात का?

पिटुकली_लेन्स: "फोटो चांगले येत नाहीत, काय करू?" असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर: फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महाग कॅमेरा घे. अहो, त्याला आधी उजेड बघायला शिकवा! फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं बहुतेक काम छोटा लायका कॅमेरा आणि ५० एमएमच्या एका लेन्सवर केलं. आपल्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स नीट वापरून व्हायच्या आत दुसरीचे हप्ते सुरू.

रोहितवेडा: ब्रेसाँ रस्त्यावर माणसं टिपत होता, उडते रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नव्हेत. उजनीच्या पाण्याकाठी भिगवणला या. कुंभारगावातून पहाटे होडी निघते तेव्हा उजेड जेमतेम असतो, आणि पंख स्थिर दिसायला शटर १/२००० सेकंदाच्या आसपास तरी लागतं. लेन्सचं तोंड मोठं उघडलं, म्हणजे एफ २.८ ला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पुरत असेल तर किट लेन्ससारख्या लहान तोंडाच्या एफ ५.६ ला १२८०० लागतो. पिसांचा पार रवा होतो. बघा म्हणावं उजेड!

पिटुकली_लेन्स: दूरचं टिपणारी ४०० एमएम एफ २.८ ची नवी लेन्स दहा लाखांच्या वर जाते, तेही सांगा की. त्यापेक्षा ऊन वर येईपर्यंत थांबा. जाणता नावाडी इंजिन बंद करून बांबूनं होडी सरकवतो, सूर्य पाठीशी घेतो. रोहित उडण्याआधी पाण्यावर धावतो, आणि तेही वारा समोरून घेत. वारा कुठला हे कळलं की होडी कुठे लावायची ते कळतं. ही अक्कल कुठल्या लेन्सबरोबर मिळते?

रोहितवेडा: मान्य, पण धावायला लागल्यावर फोकस बसायला नको? माझा जुना कॅमेरा मागचं गवत धरून बसायचा. नवा थेट डोळा पकडतो. तुमचा नावाडी फोकस करून देतो का?

लग्नसराई: तुम्ही दोघं हौशी, म्हणून हे वाद परवडतात. आमच्याकडे गिऱ्हाईक अल्बम बघायच्या आधी कॅमेरा कोणता ते विचारतं. मी महागडी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली ती दोन कार्डांच्या खाचांसाठी. एक कार्ड बिघडलं तर दुसऱ्यात फोटो असतात. अक्षता पुन्हा टाकायला कोण येणार आहे? फ्लॅश भिंतीवर मारायचा की छतावर, हे मात्र पोरांना मलाच शिकवावं लागतं.

कोपऱ्यातला: लेन्स भाड्यानं घ्या की. दोन दिवस वापरा, परत करा.

रोहितवेडा: डिपॉझिट किती मागतात ते विचारलंत कधी? आणि होडीत पाणी उडतं हो.

पिटुकली_लेन्स: म्हणूनच म्हणते, किट लेन्स न्या. थवा आणि मागचं पाणी मिळून फोटो होतो. प्रत्येक वेळी डोळ्यातली चमक कशाला हवी?

रोहितवेडा: मला हवी आहे.