स्मृती गेलेल्या माणसावर कादंबरी लिहितोय, शेवटी आठवण परत आणावी का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून थोडंफार लिहितो. नायक मिरजेतला तंबोरे करणारा कारागीर, साठीचा. पंढरपूर रोडला गाडी घसरून डोक्याला मार लागतो आणि मागचं सगळं पुसलं जातं, बायको ओळखत नाही, स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. मग गल्ली त्याला सावरते, कुणी डबा देतं, कुणी दर्ग्यापर्यंत फिरवून आणतं, आणि तो नव्यानं उभा राहतो. वाचून माणसाला उभारी यावी असं लिहायचंय, आजारपणाचं रडगाणं नको. शेवट असा ठरवलाय की उरुसातल्या संगीत सभेत तंबोरा कानावर पडतो आणि त्याला एकदम सगळं आठवतं. बायको म्हणते हे पिक्चरमधलं झालं. तुम्हाला काय वाटतं?

सिस्टर_मिरज
वहिनी बरोबर बोलतायत 😄 डोक्याच्या पेशंटच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते. मार लागला की बहुतेक वेळा अपघाताच्या आधीचा थोडा काळ जातो, आणि नंतर नवीन काही लक्षात ठेवणं अवघड होतं. लहानपणीचं, लग्नाचं वगैरे जुनं सहसा टिकतं. बाकी सगळं नीट आणि फक्त स्वतःचं नाव गेलं असं मार लागून सहसा होत नाही, ते झालंच तर कारण बऱ्याचदा मानसिक असतं. म्हणजे तुमचा माणूस बायकोला ओळखेल हो, पण ती सकाळी काय बोलली ते दुपारी विसरेल, तेच तेच विचारेल, चिडेल पण. घरच्यांचा जीव जातो तो इथं. आणि परत आलंच तर तुकड्यातुकड्यानं येतं, कधी अर्धंच येतं.
पण तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा पेशंट होता, 1953 साली फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याला नवीन आठवणी धरूनच ठेवता येईनात. त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर रोज हात सुधारत गेला आणि त्याला मात्र आपण हे आधी केलंय हेच माहीत नाही! हाताची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेनं साठते. कारागीर घेतलाय ना तुम्ही, मग हेच वापरा की.

जवारीवाला
सिस्टरनी मनातलं सांगितलं. आमच्या घरात हेच काम चालतं. तंबोऱ्याचा जीव जवारीत, म्हणजे तारेच्या त्या झणकारात असतो, घोडीचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीनं इतका इतका घासत न्यायचा की तार त्याला नुसती चाटून गेली पाहिजे, मग तारेखाली दोरा सरकवत जागा शोधायची. हे माप कुठल्या वहीत नाही, सगळं कानात आणि बोटात. त्यामुळं तुमचा म्हातारा पोराचं नाव विसरेल पण कुणी बेसूर तंबोरा पुढ्यात ठेवला तर हात आपोआप कानशीकडं जाईल, हे मला शंभर टक्के पटतं. आणि राव उरुसाची सभा ही किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून होते, तिथं तुम्ही चमत्कार घडवायला लागला तर गल्लीतली माणसं हसतील. त्यापेक्षा त्याच्या हातचा नवीन तंबोरा सभेत वाजू दे, आणि आपण तो केलाय हे त्याला आठवलं नाही तरी चालतंय की.

गावभाग_सांगली
माझा आक्षेप गल्लीवर आहे. इतकी गोड गल्ली कुठं असते हो? 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. आमचे अल्बम, लग्नाच्या सीडी, शाळेचे दाखले सगळा चिखल. तेव्हा अनोळखी माणसांनी जेवण आणून दिलं हे खरं, आणि त्याच लोकांत पंचनाम्याच्या यादीवरून भांडणं झाली हेही खरं. डबा देणारी बाई आठ दिवसांनी कंटाळते, मग दुसरी कुणीतरी कुरकुरत देते, असं लिहा. तरच शेवटाचा आनंद पटेल. नाहीतर गणपती मंडळाचा अहवाल होतो.

विश्रामबागकर
अहवाल 😂 घेतलं मनावर. सभेतला चमत्कार काढतोय, जवारीवाल्यांचा शेवट जास्त आवडला. सिस्टर एक विचारू का, त्याला रोजचं काम परत लावायचं तर घरचे नेमकं काय करतात?

सिस्टर_मिरज
एकच वेळ, एकच जागा, हत्यारं रोज त्याच क्रमानं मांडलेली. भिंतीवर मोठ्या अक्षरात वार, तारीख, आज कोण येणार. आणि "आठवतंय का?" हा प्रश्न घरात बंद, त्यानं पेशंट हिरमुसतो. सरळ सांगायचं, "मी तुमची भाची, चहा आणलाय." पाहुण्यांना हे शिकवताना वहिनींची दमछाक होईल, तो भाग विनोदी करा, खरोखर तसाच असतो.

जवारीवाला
आणि लिहायच्या आधी सतारमेकर गल्लीत येऊन बसा एक दिवस. तंबोऱ्याचा भोपळा कापताना धूळ उडते, चांगला शर्ट घालू नका.